बंब येईपर्यंत

मार्च उजाडला की विदर्भातल्या वर्तमानपत्रांच्या तालुका पानावर एक बातमी हमखास येते. गाव बदलतं, तालुका बदलतो, बातमी तीच असते. गोठ्याला आग लागली, कुटाराचा ढीग जळाला, पऱ्हाटीच्या गंजीने पेट घेतला, खुंट्याला बांधलेले बैल होरपळले. शेवटी दोन वाक्यं ठरलेली. एक, अग्निशमन दलाची गाडी पोहोचेपर्यंत सगळं खाक झालं होतं. दोन, गावकऱ्यांनी आग विझवण्याचा आटोकाट प्रयत्न केला.

पहिल्या वाक्यावर आपण चिडतो, शेअर करतो, कमेंट करतो. दुसरं वाक्य नजरेखालून निसटून जातं. हे ‘गावकरी’ म्हणजे नेमके कोण? त्यांच्या हातात काय होतं? आग कशी विझवायची हे त्यांना कुणी शिकवलं? त्यांच्यातला एखादा भाजला तर दवाखान्याचा खर्च कुणी करायचा? जर्मनीत किंवा जपानमध्ये याच माणसांना पद असतं, गणवेश असतो, त्यांच्या नावांची यादी असते. आपल्याकडे ते नुसते ‘गावकरी’ असतात.

अशी यादी करायचा प्रयत्न आपल्याकडे झालाच नाही, असं मात्र नाही. आग विझवायच्या कामाला सामान्य माणसाला जुंपण्याचे प्रयत्न गेल्या एकशेसाठ वर्षांत वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांनी झाले. त्यांचा माग काढत गेलं की गोष्ट सारखी नागपूरच्या आसपास येऊन थांबते.

बोरीचं जंगल

१८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत तयार केला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. या प्रांतात जंगल अफाट होतं आणि रेल्वेमुळे लाकडाला नुकताच भाव आला होता. प्रांताच्या जंगलखात्याची सुरुवातीची धुरा जी. एफ. पिअर्सन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याकडे होती. सातपुड्यात पचमढीच्या दक्षिणेला बोरीचं खोरं आहे. १८६० च्या दशकाच्या मध्यात पिअर्सनने तिथे एक प्रयोग केला. उन्हाळाभर एक अख्खं जंगल जळू द्यायचं नाही, एवढाच तो प्रयोग. आज यात विशेष काही वाटत नाही. त्या वेळी मात्र हे शक्य आहे यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता, कारण मध्य भारतातलं जंगल दरवर्षी जळतच असे.

ते का जळत असे? गोंड, कोरकू, बैगा यांच्यासाठी आग हे विळा-कुऱ्हाडीसारखंच एक अवजार होतं. जुनं गवत जाळलं की गुरांना कोवळं गवत मिळतं. मोहाच्या झाडाखालचा पाचोळा जाळला की पहाटे पडलेली फुलं वेचायला सोपी जातात. डोंगरउतारावर झाडं तोडून, ती वाळवून, जाळून, त्या राखेत बी फेकायची शेती तर पूर्ण आगीवरच उभी होती.

पिअर्सनचा उपाय साधा होता. जंगलाच्या कडेने आणि मधून पट्टे आखायचे, त्यावरचं गवत-पाचोळा कापायचा आणि उन्हाळा तापायच्या आधी तो पट्टा आपणच जाळून टाकायचा. मग बाहेरून आग आली तरी तिला पुढे जायला खायलाच काही मिळत नाही. प्रयोग यशस्वी झाला. १८६५ मध्ये बोरी राखीव झालं. देशातल्या अगदी पहिल्या राखीव जंगलांपैकी ते एक. ही पद्धत मग देशभर गेली. ताडोबा, पेंच, मेळघाटात आजही फेब्रुवारीच्या आधी हेच काम चालतं. वनखात्यात त्या पट्ट्याला ‘जाळरेषा’ म्हणतात.

जाळरेषा कापायला माणसं लागतात, आणि ती जवळच्याच गावांतून येणार. इथे एक विचित्र उलटापालट झाली. ज्या माणसांचं आग हे अवजार होतं, त्यांनी ते वापरलं तर तो गुन्हा ठरू लागला. आणि आग विझवायची वेळ आली की सरकारला पहिली आठवण त्यांचीच होऊ लागली.

१९२७ चा भारतीय वन कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम ७९ मध्ये ही व्यवस्था स्पष्ट शब्दांत आहे. ज्याला राखीव किंवा संरक्षित जंगलात कुठलाही हक्क आहे, ज्याला तिथून लाकूडफाटा न्यायची किंवा गुरं चारायची परवानगी आहे, त्याने आगीची खबर मिळताच ती विझवायला धावलं पाहिजे. कुणा अधिकाऱ्याने सांगितलं असो वा नसो. नाही धावला तर एक महिन्यापर्यंत कैद, किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आपल्या भागातला आग विझवणारा पहिला ‘स्वयंसेवक’ असा कायद्याने तयार झाला. धावणं त्याच्यावर बंधनकारक होतं. त्याला शिकवायचं कुणी, हातात द्यायचं काय आणि तो भाजला तर पुढे काय, यातलं काहीही या कलमात नाही.

तीन माणसांचा पंप

१४ एप्रिलला नागपूर निळ्या झेंड्यांनी भरून जातं. त्याच दिवशी गंजीपेठ, कॉटन मार्केट, लकडगंजच्या फायर स्टेशनांत जवान रांगेत उभे राहून आपल्या मेलेल्या सहकाऱ्यांना सलामी देतात. (या ठिकाणांच्या नावांवरूनच कळतं, इथे काय पेटत असेल.) देशभर हा अग्निशमन सेवा दिन असतो.

१९४४ मध्ये याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर दुपारी आग लागली. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि त्यांच्यासोबत कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापसाच्या दाबलेल्या गाठीची आग कशी असते हे हिंगणघाट-यवतमाळकडच्या जिनिंगवाल्यांना वेगळं सांगायला नको. ती गाठीच्या पोटात शिरते आणि तासन्‌तास धुमसत राहते. वरून कितीही पाणी मारा, आतपर्यंत पोहोचत नाही. अग्निशमन दलाचे जवान जहाजावर पाणी मारत असतानाच चारनंतर एकापाठोपाठ एक दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसं गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते.

महायुद्धाच्या त्या काळात पगारी जवानांइतकंच महत्त्व बिनपगारी नागरिकाला आलं होतं. त्यामागचं गणित सरळ होतं. विमानातून टाकलेला आग लावणारा बॉम्ब जेमतेम किलोभराचा असतो, पण एका रात्रीत असे हजारो पडतात. एवढ्या ठिकाणी बंब पाठवणं जगातल्या कुठल्याही शहराला जमणार नाही. म्हणजे ज्या घरावर बॉम्ब पडला त्याच घरातल्या, त्याच गल्लीतल्या माणसांनी पहिल्या काही मिनिटांत तो विझवला पाहिजे. ब्रिटनने १९३८ पासून हजारो नागरिकांना साहाय्यक अग्निशमन सेवेत भरती केलं. जपानची विमानं जवळ आल्यावर भारतातही हवाई हल्ल्यांपासून बचावाच्या तुकड्या उभ्या राहिल्या. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले, डिसेंबरमध्ये कलकत्त्यावर. वाळूच्या बादल्या, शिट्ट्या, हेल्मेट आणि स्टिरप पंप ही त्या काळची ओळख.

हा स्टिरप पंप बघण्यासारखा आहे. सायकलच्या पंपासारखा उभा दांडा. खालचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवायचं. बादलीच्या बाहेर रिकिबीसारखा एक पाय निघालेला असतो, तो आपल्या पावलाखाली दाबून धरायचा, म्हणजे पंप हलत नाही. मग दांडा वरखाली करायचा. लांब नळीच्या टोकातून पाण्याची बारीक पण जोरदार धार निघते. पेट्रोल नको, वीज नको, नळ नको. आणि तो चालवायला तीन माणसं लागतात. एक नळीचं टोक धरून, जमिनीला जवळपास चिकटून, धुराच्या खालून आत सरकतो. दुसरा पंप मारतो. तिसरा बादल्या भरत राहतो. दमले की जागा बदलायच्या.

इंजिनीअरच्या नजरेने बघितलं तर या पंपाची खरी कमाल त्या तीन जागांत आहे. रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसालाही आपण काय करायचं हे माहीत असतं. ‘सगळे मिळून विझवा’ असं सांगितलं की गर्दी होते. ‘तू नळी, तू पंप, तू पाणी’ असं सांगितलं की तुकडी होते. नागरी संरक्षणाच्या प्रशिक्षणात स्टिरप पंप युद्धानंतर दशकानुदशकं टिकून राहिला, त्याचं कारण हेच असावं.

सिव्हिल लाइन्स

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचं राजधानीपण संपलं. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात रामपूरला केंद्र सरकारचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झालं. १९५७ मध्ये ते नागपूरला आलं. २९ एप्रिल १९५७ ला नागपुरात आणखी एक केंद्रीय संस्था उभी राहिली. तिचं तेव्हाचं नाव केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था. राजधानी गेल्यावर सहाच महिन्यांत देशाला आग विझवायला शिकवणाऱ्या दोन संस्था एकाच सिव्हिल लाइन्समध्ये नांदू लागल्या.

पहिली संस्था पगारी अधिकारी घडवते. महापालिका, तेल कंपन्या, विमानतळ, कारखाने यांचे फायर ऑफिसर इथून शिकून जातात. नागपूरचीच हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये इथे दाखल झालेली पहिली मुलगी, पुढे देशातली पहिली महिला फायर इंजिनीअर म्हणून ओळखली गेली. या कॉलेजची गोष्ट बऱ्यापैकी ठाऊक आहे.

दुसऱ्या संस्थेची गोष्ट कमी ठाऊक आहे आणि आपल्या विषयाला ती जास्त जवळची आहे. १९६२ चं चीनचं युद्ध आणि १९६५ चं पाकिस्तानचं युद्ध यांनंतर १९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा झाला आणि त्याच वर्षी या संस्थेचं नाव राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झालं. राज्यांमधल्या स्वयंसेवकांना जे शिकवणार, त्यांना शिकवायचं काम तिच्याकडे आलं. स्वयंसेवक होण्याची अट मुद्दाम साधी ठेवली होती. वय १८ पूर्ण आणि शिक्षण निदान चौथी पास. वॉर्डन, अग्निशमन, सुटका, जखमींची देखभाल, दळणवळण अशा एकूण १२ सेवा आखल्या होत्या. कागदावर ही योजना आजही वाचावीशी वाटते. रिक्षावाला, शिक्षिका, पानवाला, कॉलेजचा पोरगा यांना थोडक्या दिवसांत तुकडीत उभं करायचं गणित त्यात नीट मांडलेलं आहे.

अडचण नकाशात होती. ही तुकडी कुठे उभी करायची, हे शत्रूला काय उडवावंसं वाटेल यावरून ठरत होतं. अणुभट्टी, बंदर, तेलाचे साठे, रेल्वे जंक्शन. २००९ च्या दुरुस्तीने कायद्यात नैसर्गिक आणि इतर आपत्तीही आल्या, पण नकाशा फारसा हलला नाही.

७ मे २०२५ ला याचा प्रत्यय आला. देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सायरन वाजवून सराव घ्यायचा केंद्राचा आदेश निघाला. आपल्यातल्या बहुतेकांनी ‘मॉक ड्रिल’ हे शब्द पहिल्यांदा तेव्हाच एवढ्या गंभीरपणे ऐकले. महाराष्ट्राच्या यादीत १६ ठिकाणं होती. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक होतीच. शिवाय उरण, तारापूर, थळ-वायशेत, रोहा, मनमाड, सिन्नर, भुसावळ अशी छोटी गावंही होती. नागपूर नव्हतं. ज्या शहराने दशकानुदशकं देशभरच्या स्वयंसेवकांचे शिक्षक घडवले, त्या शहरालाच या योजनेत स्वयंसेवकांची तुकडी नाही.

भिवापूर, कुही, पारशिवनीच्या गावांचा तर या यादीशी संबंधच येत नाही. तिथल्या कुटाराच्या ढिगात कुठल्या शत्रूला रस असणार?

सातवा विषय

पण अग्निशमन दल गावासाठी नाही का? याचं उत्तर शोधायला राज्यघटना उघडावी लागते.

१९९२ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली. गावांचा कारभार पंचायतींकडे आणि शहरांचा नगरपालिकांकडे कसा असावा हे त्यांत आलं. शहरांसाठी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात १८ विषय आहेत. सातवा विषय आहे अग्निशमन सेवा. गावांसाठी अकरावी अनुसूची जोडली, तिच्यात २९ विषय आहेत. शेती, पाटबंधारे, कुक्कुटपालन, वाचनालयं, बाजार आणि जत्रा, सगळं आहे. आग नाही. घटनेच्या यादीत शहराची आग हे शहराचं काम आहे आणि गावाची आग कुणाचंच नाही.

म्हणून गोठा पेटला की फोन जातो तालुक्याच्या नगरपरिषदेला. तिथली गाडी येते, माणुसकीने येते, बऱ्याचदा वेगातही येते. पण रस्ता तेवढाच लांब राहतो. केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीच्या मापदंडाप्रमाणे शहरात गाडी ५ ते ७ मिनिटांत आणि ग्रामीण भागात २० मिनिटांत पोहोचायला हवी. समजा, हे २० मिनिटांचं माप तंतोतंत पाळलं गेलं. वाळलेली पऱ्हाटी, तुराट्यांचा कूड, कौलाखालचं सागवान यांना जळायला २० मिनिटं लागतच नाहीत. गाडी अगदी वेळेवर आली तरी ती राख भिजवायलाच येते. गावातली आग विझते ती पहिल्या पाच मिनिटांत, किंवा मग विझतच नाही. आणि त्या पाच मिनिटांत तिथे फक्त शेजारी असतो.

जगात हा प्रश्न अनेकांनी शेजाऱ्यालाच तयार करून सोडवला. जर्मनीत सुमारे १० लाख माणसं स्वयंसेवी अग्निशमन दलात आहेत. पगारी दलं प्रामुख्याने मोठ्या शहरांतच दिसतात. चिलीमध्ये तर अग्निशमन दलच पूर्णपणे स्वयंसेवकांचं आहे. १८५१ मध्ये वालपराइसो या बंदरात त्याची सुरुवात झाली. तिथला वकील, गवंडी, बँकेतला कारकून भोंगा वाजला की काम टाकून धावतो. जपानमध्ये गावोगावच्या ‘शोबोदान’मध्ये १९५० च्या दशकात जवळपास २० लाख माणसं होती. आता ती आठ लाखांच्या खाली आली आहेत. कारण आपल्याला परिचयाचं आहे. तरणी पोरं शहरात गेली, गावात म्हातारे उरले.

आपल्याकडेही उदाहरण आहे. २०१८ च्या महापुरानंतर केरळने अग्निशमन खात्याच्या हाताखालीच नागरी संरक्षण दल उभं केलं. १२४ फायर स्टेशनं, प्रत्येकाला ५० स्वयंसेवक, म्हणजे ६,२०० माणसं. तिथे नकाशा शत्रूने ठरवला नाही, फायर स्टेशनच्या हद्दीने ठरवला. नागपुरात जे शिकवलं जात होतं तेच. फक्त कुठे आणि कुणाच्या हाताखाली, एवढाच फरक.

मोबाइलवर आलेला वणवा

आता परत जंगलाकडे जाऊ, कारण तिथे गेल्या वीस वर्षांत दोन नव्या गोष्टी घडल्या.

पहिली तंत्रज्ञानाची. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहावरून वणव्यांचे इशारे देते. आधी मोडिस हा संवेदक होता, त्याचा एक चौकोन एक किलोमीटरचा. २०१७ पासून व्हीआयआयआरएस आला, त्याचा चौकोन ३७५ मीटरचा. कुठल्या वनक्षेत्रात उष्णता दिसली याचा मेसेज थेट वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. नोंदणी केली तर तुम्हा-आम्हालाही येऊ शकतो. माझ्यासारख्या, दिवसभर सर्व्हरच्या अलर्टवर जगणाऱ्या माणसाला ही व्यवस्था लगेच आवडते. पण अलर्टवर जगणाऱ्याला त्याची मर्यादाही लगेच दिसते. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो. तो दुपारी गेल्यानंतर तीन वाजता लागलेली आग रात्रीपर्यंत त्याच्या नजरेत येत नाही. आणि अलर्ट आला तरी तो कुणीतरी उचलावा लागतो. आमच्याकडे त्यासाठी ऑन-कॉलची पाळी असते, काय करायचं ते लिहिलेलं असतं, उचलणाऱ्याला भत्ता असतो. जंगलात अलर्ट उचलायला एक वनरक्षक, दोनचार हंगामी अग्निरक्षक आणि जवळच्या गावाचे लोक असतात.

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. सागाची पानगळ झालेली असते, खाली घोट्यापर्यंत पाचोळा असतो. पळसाची किंवा मिळेल त्या झाडाची हिरवी फांदी तोडायची आणि आगीच्या कडेला झोडपत जायचं, ही जुनी पद्धत. आता पाठीवर किंवा हातात धरायचे ब्लोअर आले आहेत. ते पाचोळा उडवून काही क्षणांत मोकळी पट्टी करतात. काम सोपं झालं, धोका कमी झाला नाही. आग चढावर पळते. उतार जितका उभा, तितकी वेगात. वारा फिरला तर बाजूने विझवत चाललेला माणूस क्षणात तिच्या तोंडापुढे येतो. चढावर आगीच्या वर उभं राहायचं नाही, पळायची वाट आधी बघून ठेवायची, जळून गेलेल्या काळ्या जागेत शिरायचं, एवढ्या तीन गोष्टी जरी अंगात मुरल्या तरी जीव वाचतो. पण त्या मुरवायला सराव लागतो.

८ एप्रिल २०२१ ला गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याचं जंगल पेटलं. आग विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले, दोघे गंभीर भाजले. मुंबईच्या गोदीतल्या ६६ जणांसाठी देशभर एक दिवस आहे. या तिघांसाठी कुठलीही तारीख नाही.

दुसरी नवी गोष्ट हक्काची. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळू लागला. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) २००९ मध्ये असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचं छोटं गाव आहे. २०१२ मध्ये त्याला सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. पाचगावच्या ग्रामसभेने मग एक अवघड निर्णय घेतला. तेंदूपत्ता तोडणं बंद केलं.

विदर्भातल्या जंगलालगतच्या माणसाला या निर्णयाचं वजन कळेल. तेंदूपत्ता म्हणजे ऐन उन्हाळ्यात, हाताला दुसरं काम नसताना मिळणारा रोख पैसा. पण नवी कोवळी पानं भरपूर यावीत म्हणून तेंदूची झुडपं छाटली जातात आणि जंगलाला आगही लावली जाते. पाचगावने हिशेब केला. बांबू आपला, जंगल आपलं. तेंदूच्या पैशासाठी ते जाळायचं नाही.

कलम ७९ ने गावकऱ्याला सांगितलं होतं, सरकारचं जंगल पेटलं तर धाव, नाहीतर कैद. पाचगावात कुणी कुणाला कैदेची भीती घातली नाही. जंगल कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर बदललं तेव्हा आग विझवायच्या आधी आग न लावण्याचा विचार सुरू झाला. गेल्या एकशेसाठ वर्षांच्या प्रयत्नांत मला हा सगळ्यांत भक्कम वाटतो, कारण यात आगीशी संबंध असलेल्या माणसांनीच नियम केला.

गावात आधीच काय आहे

आता शेवटचा प्रश्न. गावाला स्वयंसेवी तुकडी हवी असेल तर लाखो रुपयांचा बंब घ्यावा लागेल का?

कापूस पिकवणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात पाठीवरचा फवारणी पंप असतो. त्यात साधारण १५ लिटर पाणी मावतं, हाताने दाब देता येतो किंवा बॅटरीवर चालतो, टोकातून फवारा निघतो. जगभर वणवा विझवणारी माणसं पाठीवर जे पंप घेतात ते जवळपास याच मापाचे आणि याच रचनेचे असतात. बादली आणि स्टिरप पंप एकत्र करून पाठीवर बांधले तर हेच तयार होईल. एक मात्र सांभाळायला हवं. कीटकनाशक मारलेला पंप तसाच आगीवर वापरला तर विषारी वाफ नाकात जाईल. फवारणीने काय होतं ते यवतमाळने २०१७ मध्ये पाहिलं आहे. म्हणून आगीसाठी चारसहा कोरे पंप वेगळे ठेवायचे, त्यावर लाल पट्टा ओढायचा. संत्र्याच्या पट्ट्यात ट्रॅक्टरवरची फवारणी यंत्रं असतात, मोठी टाकी आणि जोरदार दाब असलेली. ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर असतो. फावडी, घमेली, दाताळी घरोघर असतात.

शिकायचंही फार अवघड नाही. घरातल्या तारा पेटल्या तर पाणी मारायच्या आधी डीपीवरून वीज बंद करायची, आणि ते लाइनमनकडूनच करून घ्यायचं. म्हणजे लाइनमनचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये पाहिजे. सिलिंडरच्या तोंडाला लागलेली आग ओल्या पोत्याने झाकून रेग्युलेटर बंद करायचा. कुटाराचा ढीग वरून भिजवत बसायचं नाही, दाताळ्याने फोडून आतला निखारा बाहेर ओढायचा आणि मग पाणी घालायचं. गोठा पेटला तर दावं सोडायला वेळ लागतो, कापायला कोयता हाताशी ठेवायचा. पेरणीआधी धुरे पेटवायचे असतील तर भर दुपारच्या वाऱ्यात पेटवायचे नाहीत आणि शेजारच्या शेतकऱ्याला सांगून पेटवायचे. दोन दिवसांच्या सरावात हे सगळं बसतं. नागपूरच्या दोन्ही संस्थांमध्ये याहून कितीतरी अवघड गोष्टी शिकवल्या गेल्या आहेत.

अवघड आहे ते नावं लिहिणं. कारण नाव लिहिलं की जबाबदारी दोन्ही बाजूंनी येते. ज्याचं नाव लिहिलं तो धावणार, आणि तो धावताना पडला तर त्याच्या घराकडे बघणं कुणाचं तरी काम होणार. ‘गावकऱ्यांनी प्रयत्न केले’ असं म्हणण्यात ही दुसरी बाजू अलगद टळते. नागझिऱ्यातले मजूर, गोठ्यात शिरलेला शेजारी, बादली घेऊन धावलेली बाई, ही सगळी माणसं कायद्याच्या लेखी ‘कुणीतरी’ राहतात. त्यांचा विमा निघू शकतो, त्यांना बूट आणि सुती जाड कपडे मिळू शकतात, पण ‘कुणीतरी’चा विमा निघत नाही.

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. २६ जानेवारीला त्यांच्या ग्रामसभा होतात. वणव्याचा हंगाम त्यानंतर वीस दिवसांनी सुरू होतो. झेंडावंदन झाल्यावर, विषयपत्रिका संपत आल्यावर, बुंदीचा पुडा हातात पडायच्या आधी एक विषय मांडता येईल. पंचायतीच्या भिंतीवर लाइनमन आणि नगरपरिषदेच्या फोन नंबरांखाली दहा नावं लिहायची. कुणाच्या घरी लाल पट्ट्याचे पंप आहेत ते लिहायचं. ट्रॅक्टरची चावी रात्री कुठे असते ते लिहायचं. त्या दहांपैकी जे पुण्याला गेलेत त्यांची नावं पुढच्या वर्षी खोडायची आणि दुसरी लिहायची.